अनियतरूप प्रथिनांचे बंधन : एका परिभाषेची चिकित्सा

१

प्रथिने एकमेकांशी कशी जुळतात ह्याविषयी जे काही लिहिले गेले आहे त्यावर एका प्रतिमेचे राज्य दीर्घकाळ चालले. ती प्रतिमा कुलूप-किल्लीची होय. विकर आणि ज्या द्रव्यावर ते क्रिया करते ते द्रव्य ह्यांच्यातील निवडक संबंध विशद करताना एमिल फिशर ह्यांनी १८९४ साली ती योजिली. फिशर ह्यांनी तिला प्रतिमा म्हणूनच पुढे केले होते. परंतु दृष्टान्ताचा सिद्धान्त होण्यास शास्त्राच्या क्षेत्रातही फारसा अवधी लागत नाही. पुढे १९५८ मध्ये जॉन केंड्र्यू व त्यांचे सहकारी ह्यांनी मायोग्लोबिनची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. १९६२ साली केंड्र्यू व माक्स पेरुट्झ ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९७१ साली अशा रचनांचा संग्रह करणारी प्रोटीन डेटा बँक ब्रुकहेवन येथे सुरू झाली. रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन उलगडले तरी ते पुन्हा आपल्या मूळ आकारात घडी घेते, हे ख्रिश्चन अँफिन्सन ह्यांनी दाखवून दिले होते. त्यांना १९७२ साली तोच सन्मान लाभला. ह्या सर्वांतून एक साखळी दृढ झाली : अमिनो आम्लांच्या क्रमापासून आकार, आकारापासून कार्य.

ह्या साखळीत न बसणारी प्रथिने अधूनमधून आढळत होती. तथापि त्यांचा एक स्वतंत्र वर्ग मानावा लागेल ही जाणीव १९९० नंतरच्या दशकात स्पष्ट झाली. पेशीविभाजनाचे नियमन करणारे पी-२१ हे प्रथिन एकटे असताना कोणताही स्थिर आकार धारण करीत नाही, परंतु आपल्या सहचर प्रथिनाशी जुळल्यावर सुव्यवस्थित होते, असे रिचर्ड क्रिवाकी, पीटर राइट प्रभृतींनी १९९६ साली दाखविले. १९९९ साली राइट व जेन डायसन ह्यांनी आकार आणि कार्य ह्यांच्या प्रस्थापित समीकरणाचाच फेरविचार करावा अशी मागणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणे केंद्रकयुक्त पेशींच्या सुमारे एकतृतीयांश प्रथिनांत असा दीर्घ, म्हणजे तीसहून अधिक अमिनो आम्लांचा, आकारहीन भाग असावा. तेव्हा प्रश्न अपवादाचा राहिलेला नाही.

ह्या प्रथिनांचे बंधन कसे घडते ह्याविषयी गेल्या तीन दशकांत विपुल संशोधन झाले. त्यातील प्रयोगांची परीक्षा करणे हा येथील हेतू नव्हे. ते प्रयोग ज्या भाषेत मांडले गेले आणि ज्या भाषेमुळे त्यांचा अर्थ कधी उजळला तर कधी झाकोळला, त्या भाषेची परीक्षा करावयाची आहे. मराठीतून ह्या विषयाचे अध्यापन व्हावयाचे असेल तर ही परीक्षा टाळता येणार नाही. कारण शब्द उसना घेताना त्यातील गृहीतकेही न कळत घरात येतात.

२

प्रथम नावाचा विचार करणे प्राप्त आहे. ह्या वर्गाला इंग्रजीत जी नावे मिळाली त्यांचा अर्थ क्रमाने असा : ‘मूळचीच उलगडलेली’, ‘स्वभावतः रचनाहीन’ आणि ‘स्वभावतः अव्यवस्थित’. शेवटचे नाव कीथ डंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पुढे आणले आणि तेच रूढ झाले. तिन्ही नावे नकारार्थी आहेत. नकारार्थी नाव वस्तूचे वर्णन करीत नाही. ते बोलणाऱ्याची अपेक्षा काय होती आणि ती कशी फसली एवढेच सांगते. स्फटिकातून क्ष-किरण पाठवून आकार शोधणाऱ्या अभ्यासकास नकाशात जेथे काहीच दिसले नाही, तेथे त्याने ‘अव्यवस्था’ अशी नोंद केली. ही नोंद उपकरणाच्या बाजूने पाहता बरोबर होती आणि तिच्यात कसलाही दोषारोप नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु उपकरणास न दिसणे हा प्रथिनाचा गुण नव्हे.

संस्कृत वैयाकरणांनी व मीमांसकांनी नञ्‌चे जे दोन अर्थ सांगितले ते येथे उपयोगी पडतात. एक प्रसज्यप्रतिषेध, म्हणजे निव्वळ अभाव. दुसरा पर्युदास, म्हणजे त्याहून भिन्न परंतु त्याच्याच जातीचे काही. ‘अव्यवस्थित’ हे पद पहिल्या अर्थाने घेतले तर ह्या प्रथिनांत कसलीच व्यवस्था नाही असे निष्पन्न होते. दुसऱ्या अर्थाने घेतले तर व्यवस्था आहे, परंतु ती एकाच आकारात गोठलेली नाही, असा बोध होतो. प्रत्यक्ष पुरावा निःसंशय दुसऱ्या अर्थाच्या बाजूचा आहे. व्लादिमीर उव्हर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखविल्याप्रमाणे ह्या प्रथिनांत जलविरोधी अमिनो आम्ले कमी आणि विद्युत्‌भार अधिक असतो. जलविरोधी भाग आत दडवून घट्ट गाभा करावा अशी सामग्रीच त्यांच्याजवळ नसते, म्हणून ती घडी घेत नाहीत. म्हणजे आकाराचा अभाव हादेखील क्रमानेच ठरविलेला आहे. शिवाय सुटी साखळीही वाटेल तशी वळू शकत नाही. गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन ह्यांनी मद्रास विद्यापीठातून १९६३ साली अमिनो आम्लांच्या साखळीस अनुज्ञात असलेल्या कोनांचा जो नकाशा सिद्ध केला, त्याची बंधने ह्या प्रथिनांनाही लागू आहेतच. सारांश, येथील नकार पर्युदासाचा आहे. वाचक मात्र तो प्रसज्यप्रतिषेध समजून वाचतो.

३

दुसरा दोष अधिक खोल आहे. धातूच्या अर्थात व्यापार आणि फल असे दोन अंश असतात, हा वैयाकरणांचा विवेक सुपरिचित आहे. ‘शिजवणे’ ह्या क्रियेत चूल पेटविणे, भांडे चढविणे, ढवळणे हा व्यापार. अन्न मऊ होणे हे फल. ‘बांधले जाणे’ ह्या क्रियेसही हाच नियम लागू आहे. दोन प्रथिने जुळलेल्या अवस्थेचे चित्र हे फल दाखविते. ती कशी जुळली हे त्या चित्रात नसते. अनियत प्रथिनांवरील पहिल्या पिढीच्या लेखनात फलावरून व्यापाराचे अनुमान करण्याची चूक वारंवार आढळते, आणि पाठ्यपुस्तकांतून ती अद्याप निघून गेलेली नाही.

ह्याचे उत्तम उदाहरण क्रेब ह्या प्रथिनाचे आहे. जनुकांचे वाचन चालू करण्यात ह्या प्रथिनाचा सहभाग असतो. त्याचा किड नावाचा खंड सुटा असताना स्थिर आकाराचा नसतो. त्यातील १३३ व्या क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट चढले की तो सीबीपी ह्या मोठ्या प्रथिनाच्या किक्स नावाच्या खंडाशी जुळतो. १९९७ साली ह्या जोडीची रचना प्रसिद्ध झाली. किडने दोन सर्पिले धारण केली असून ती जवळजवळ काटकोनात किक्सवर टेकली आहेत, असे त्या चित्रात दिसते. चित्र स्वच्छ होते, आणि त्यावरून ‘बंधनाबरोबर घडी’ असा शब्दप्रयोग सर्वत्र पसरला. परंतु ‘बरोबर’ ह्या एका शब्दात तीन भिन्न घटना दडलेल्या आहेत : सर्पिल आधी होऊन मग जुळणे, आधी जुळून मग सर्पिल होणे, आणि दोन्ही टप्प्याटप्प्याने घडणे. चित्र तिन्ही शक्यतांना सारखेच अनुकूल आहे.

ह्यातील खरी शक्यता कोणती हे ठरविण्यास वेगळ्या प्रकारचा पुरावा लागला. केंजी सुगासे, डायसन व राइट ह्यांनी २००७ साली अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने मधल्या अवस्थांचा वेध घेतला. त्यात असे आढळले की फॉस्फेटयुक्त किड प्रथम किक्सशी सैल आणि अनेकविध प्रकारांनी लगटतो. मग तो मधल्या अवस्थेत येतो. तीत पहिले सर्पिल बहुतांशी तयार झालेले असते, दुसरे अपुरे असते. आणि किक्सपासून सुटून न जाता तो तेथेच पूर्ण घडी घेतो. हा व्यापाराचा पुरावा होय. १९९७ चे चित्र आणि २००७ चा प्रयोग ह्यांत विरोध नाही. विरोध आहे तो चित्रावरून काढलेल्या घाईच्या निष्कर्षांशी.

४

व्यापाराकडे लक्ष वळताच एक वाद उभा राहिला. डॅनियल कोशलँड ह्यांनी १९५८ साली प्रतिपादिले होते की सहचराच्या स्पर्शामुळे प्रथिनाचा आकार जुळता होतो. हात आणि हातमोजा ही प्रतिमा ह्या मताशी निगडित झाली. ह्यास प्रेरणवाद म्हणता येईल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की प्रथिन मुळातच अनेक आकारांत फिरत असते आणि सहचर त्यांतील जुळणारा आकार तेवढा निवडतो. हा निवडवाद. अनियत प्रथिने कोणत्या पक्षाची, ह्यावर बरीच शाई खर्च झाली.

भारतीय शब्दविचाराच्या अभ्यासकास हा वाद ओळखीचा वाटेल. कुमारिलांच्या अनुयायांचा अभिहितान्वयवाद सांगतो की पदे आधी आपापला अर्थ देतात आणि मग त्या अर्थांचा परस्परांशी अन्वय होतो. प्रभाकरांचा अन्विताभिधानवाद म्हणतो की पद अन्वित असेल तरच अर्थ देते. अन्वयापूर्वी त्याला पूर्ण अर्थ असा नसतोच. पहिल्याचे साम्य निवडवादाशी, दुसऱ्याचे प्रेरणवादाशी स्पष्ट आहे. परंतु हे साम्य उपयोगी पडते ते वेगळ्याच कारणाने. मीमांसकांचा वाद शेकडो वर्षे चालला, कारण तो एका प्रश्नाला एकच उत्तर असले पाहिजे ह्या गृहीतावर उभा होता. प्रथिनांच्या बाबतीत हे गृहीत प्रयोगाने तपासता आले आणि ते टिकले नाही.

गॉर्डन हॅम्स, यू-चू चांग व टेरेन्स ओस ह्यांनी २००९ साली दोन्ही मार्गांवरून होणारा प्रवाह मोजण्याची रीत दिली. तीवरून असे दिसते की एकाच जोडीत दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू असू शकतात आणि कोणत्या मार्गावर वर्दळ अधिक हे जडणाऱ्या रेणूच्या प्रमाणावर अवलंबून असते. रेणू विरळ असता निवडीचा मार्ग, दाट असता प्रेरणाचा मार्ग प्रबळ होतो. २०१५ साली मुनेहितो अराई, सुगासे, डायसन व राइट ह्यांनी त्याच किक्स खंडाशी जुळणाऱ्या दोन भिन्न प्रथिनांची तुलना केली. सुटेपणीही ज्यात सर्पिलाची प्रवृत्ती आहे त्या सी-मिब प्रथिनाच्या बंधनात निवड व प्रेरण दोन्हींचा भाग आढळला. किडच्या बाबतीत प्रेरणाचाच. सहचर एकच, जागा एकच खंड, आणि तरी वाट वेगळी. तेव्हा ‘निवड की प्रेरण?’ हा प्रश्न ‘किती निवड आणि किती प्रेरण?’ असा बदलून विचारणे आवश्यक ठरते. पहिला प्रश्न नामांनी निर्माण केलेला होता. दुसरा मोजता येतो.

५

प्रतिमांच्या मोहाचे आणखी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. बेंजामिन शूमेकर, जॉन पोर्टमन व पीटर वोलिन्स ह्यांनी २००० साली एक आकर्षक कल्पना मांडली. सुटी साखळी ऐसपैस पसरलेली असल्याने ती दूरवर पोहोचते, सहचराला दुबळेपणाने पकडते आणि घडी घेत स्वतःला त्याकडे ओढून नेते. कोळ्याने गळ दूर फेकून मासा ओढावा तसे हे आहे. ह्यावरून अनियत प्रथिने अधिक वेगाने बंधन साधतात असा समज रूढ झाला. परंतु गळाच्या प्रतिमेत एक गोष्ट सुटते : ऐसपैस पसरलेला रेणू पाण्यात हळू सरकतो. योंगची हुआंग व झिरोंग लिऊ ह्यांनी २००९ साली संगणकीय प्रतिरूपाने दाखविले की दूर पोहोचण्याचा लाभ ह्या मंदपणामुळे जवळजवळ नाहीसा होतो. वेग आलाच तर तो अशामुळे येतो की भेट झाल्यावर बंधन यशस्वी होण्यास कमी प्रयत्न पुरतात. कल्पना समूळ चुकली नव्हती. वेगाचे श्रेय मात्र प्रतिमेमुळे चुकीच्या ठिकाणी गेले.

केंब्रिज येथे जेन क्लार्क ह्यांच्या गटाने प्यूमा आणि एमसीएल-१ ह्या जोडीवर केलेले काम ह्याला पूरक आहे. साखळीतील अमिनो आम्ले एकेक करून बदलावयाची आणि त्यामुळे बंधनाचा वेग व बळकटी किती पालटते हे मोजावयाचे, ही त्यांची पद्धत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे बंधनाच्या निर्णायक क्षणी अंतिम चित्रातील फारच थोडे संबंध जुळलेले असतात. म्हणजे दार उघडते त्या क्षणी किल्लीला अजून दातेच पडलेले नसतात. कुलूप-किल्लीची प्रतिमा येथे अपुरी पडते असे म्हणणे सौम्य होईल. ती येथे उलटी शिकवण देते.

६

आता एकाच साखळीच्या अनेक रूपांचा प्रश्न. पी-५३ हे कर्करोगाच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्रथिन. त्याच्या शेवटच्या टोकाचा एकच लहानसा भाग एका सहचराशी जुळताना सर्पिल होतो, दुसऱ्याशी जुळताना बीटा धाग्याचे रूप घेतो, आणि अन्य दोघांशी जुळताना ह्या दोहोंपैकी काहीच होत नाही. मराठीतील ‘कर’ हे पद वाक्यानुसार हात, सरकारी सारा किंवा आज्ञार्थी क्रिया होते, त्याची आठवण येथे होणे साहजिक आहे. परंतु ह्या दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो आणि समाज तो बदलू शकतो. प्रथिनाचे रूप संकेताने ठरत नाही. ते भार, जलविरोध, कोन आणि उष्णतागतिकी ह्यांनी ठरते. संदर्भावर अवलंबून असणे एवढाच समान धर्म आहे. त्यापलीकडे साम्य ताणले तर भाषाशास्त्र आणि रसायनशास्त्र दोहोंवर अन्याय होईल.

ह्याहून अधिक धक्का देणारे उदाहरण २०१८ साली पुढे आले. झुरिक येथील बेंजामिन शुलर आणि त्यांचे कोपनहेगन व अन्यत्र असलेले सहकारी ह्यांनी एच-१ हिस्टोन आणि प्रोथायमोसिन अल्फा ह्या दोन मानवी प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्यावर एकूण +५३ इतका भार, दुसऱ्यावर −४४ इतका. ती पिकोमोलर श्रेणीत, म्हणजे कमालीच्या घट्टपणे, एकमेकांस धरतात आणि तरी दोन्ही साखळ्या चंचल व अनियतच राहतात. कोणतीही ठरावीक जागा दुसऱ्या ठरावीक जागेशी कायमची भिडत नाही. आकर्षण सर्व साखळीवर पसरलेले असते.

घट्ट बंधनास जुळता आकार लागतोच, ही समजूत येथे निकालात निघाली. पेटर टोम्पा व मोनिका फुक्सरायटर ह्यांनी २००८ सालीच दाखवून दिले होते की अनेक प्रथिने बंधनानंतरही अंशतः अनियत राहतात. अशा जोड्यांना त्यांनी ‘धूसर’ अशा अर्थाचे विशेषण दिले. त्यांची दृष्टी योग्य होती, परंतु विशेषणाविषयी शंका उरते. धूसरता ही पाहणाऱ्याच्या डोळ्याची किंवा मधल्या धुक्याची असते, वस्तूची नसते. येथे मात्र चित्र अस्पष्ट नसून वस्तूच चंचल आहे. उपकरणाची मर्यादा वस्तूच्या माथी मारण्याचा जो दोष ‘अव्यवस्थित’ ह्या नावात दिसला, तोच येथे सौम्य रूपाने पुन्हा आला आहे.

७

हा केवळ शब्दांचा कीस आहे काय? तसे म्हणता येणार नाही, हे एका प्रयोगावरून दिसून येते. पेशीस प्राणवायू अपुरा पडला की एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन सीबीपीच्या टाझ-१ खंडाशी जुळते आणि पेशीचा प्रतिसाद सुरू होतो. तो थांबविण्याचे काम सायटेड-२ हे दुसरे प्रथिन करते. ही दोन्ही अनियत असून टाझ-१ शी सुमारे १० नॅनोमोलर इतक्याच, म्हणजे सारख्याच, सामर्थ्याने जुळतात. केवळ फलाचा हिशेब करणारा विद्यार्थी उत्तर देईल की दोघांचे प्रमाण सारखे असता जागा निम्मी निम्मी वाटली जाईल. २०१७ साली रेबेका बर्लो, डायसन व राइट ह्यांनी दाखविले की तसे घडत नाही. सायटेड-२ आधी त्या जोडीवर तिसरा भिडू म्हणून चढते, दोघांना सामाईक असलेल्या ठिकाणी शिरकाव करते आणि एचआयएफला जवळजवळ संपूर्ण हुसकावून लावते. सुटे बंधनांक सारखे असूनही निकाल एकतर्फी लागतो, कारण व्यापार भिन्न आहे. जी परिभाषा फलावरच थांबते ती येथे चुकीचे भाकीत करते. चुकीचे भाकीत करणारी परिभाषा निरुपद्रवी म्हणता येत नाही.

हीच सावधगिरी आजच्या साधनांविषयीही हवी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अल्फाफोल्ड ह्या संगणकीय पद्धतीने असंख्य प्रथिनांचे आकार वर्तविले. त्या चित्रांत जे भाग कमी विश्वासार्ह म्हणून लोंबत्या फितींसारखे दिसतात ते अनेकदा अनियत भाग असतात. त्यांना पद्धतीचे अपयश समजणारा वाचक स्फटिकाच्या नकाशातील रिकामी जागा दोष समजणाऱ्या पूर्वसूरींचीच चूक नव्याने करतो.

मराठी परिभाषेचा निर्णय ह्या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे. ‘अव्यवस्थित’ हा शब्द मराठीत निंदाव्यंजक आहे. अव्यवस्थित खोली, अव्यवस्थित कारभार असेच त्याचे प्रयोग आढळतात. ‘रचनाहीन’ हा शब्द अभावच सांगतो. ‘अनेकरूप’ हा शब्द मोजता येणाऱ्या सुट्या रूपांची कल्पना आणतो, आणि ती एच-१ च्या बाबतीत खोटी ठरते. ‘अनियतरूप’ हा शब्द त्या मानाने निर्दोष दिसतो. तो रूप नाकारीत नाही, रूपाचे नियतत्व तेवढे नाकारतो. ‘अनियतकालिक’ ह्या शब्दाने मराठी वाचकास ह्या नञ्‌ची सवय आधीच झालेली आहे : असे पत्र निघते, वाचले जाते, आपले कार्य करते, त्याची तारीख तेवढी ठरलेली नसते. ‘धूसर’ ह्याऐवजी ‘अनियत संकुल’ म्हणावे, म्हणजे सुट्या व जुळलेल्या अवस्थांतील सातत्यही शब्दातच दिसेल. आणि ‘बंधनाबरोबर घडी’ असे लिहिताना घडी आधी, नंतर की टप्प्याटप्प्याने, हे प्रत्येक वेळी सांगावे. प्रयोगाने ते ठरलेले नसेल तर तसेही नमूद करावे.

‘अनियतरूप’ हे नावही नकारार्थीच आहे, हा आक्षेप खरा आहे. ह्या प्रथिनांचे विधायक वर्णन करणारे नाव जेव्हा मिळेल तेव्हा ते स्वीकारण्यास हरकत नसावी. तोवर नकार कोणत्या गोष्टीचा आहे हे तरी नावाने अचूक सांगावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. फिशर ह्यांची किल्ली अनेक विकरांना अद्याप लागते आणि ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु ज्या दाराला कुलूपच नाही तेथे किल्ली शोधत बसणे हा दाराचा दोष नव्हे.